विश्लेषण : खरा बिशप कोणाला म्हणायचे? गोव्याचे फादर आल्वारिस, त्यांचे बंड आणि जगभर पसरलेला वाद

पणजीहून जुन्या गोव्याकडे निघाले की मांडवीच्या काठावर रायबंदर लागते. तेथील सेंट मेरीज ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये आंतोनियो फ्रान्सिस्को झेवियर आल्वारिस यांच्या अस्थी आहेत. दरवर्षी सप्टेंबरमध्ये त्यांच्या स्मृतिदिनाला मलंकरा ऑर्थोडॉक्स चर्चचे भाविक येथे जमतात आणि त्यांना मार ज्युलियस या नावाने वंदन करतात. रोमच्या लेखी मात्र ते बहिष्कृत अवस्थेत मरण पावलेले बंडखोर धर्मगुरू. या दोहोंपलीकडे तिसराही एक गट आहे. अमेरिका आणि युरोपात विखुरलेल्या, रोमपासून फटकून राहणाऱ्या कितीतरी स्वतंत्र कॅथलिक मंडळ्या आपल्या बिशपांची वंशावळ मांडताना या गोमंतकीय माणसाचे नाव लिहितात. त्यातल्या बहुतेकांना गोवा नकाशावर दाखवता येणार नाही.

जुनी लॅटिन मिस्सा, जुने विधी आणि जुना पेहराव जपणारे, पण पोपच्या रचनेत नसलेले गट आज जगात अनेक आहेत. त्यांचे धर्मगुरू खरे की तोतये, त्यांच्याकडून घेतलेला संस्कार लागू पडतो की नाही, हा प्रश्न श्रद्धावंताला खरोखर छळतो. त्याचे उत्तर होय किंवा नाही असे एका शब्दात देता येत नाही. ते का देता येत नाही, हे आल्वारिस यांच्या आयुष्याइतके स्पष्ट दाखवणारे दुसरे उदाहरण सापडणे कठीण.

वेर्ण्याचा मुलगा

आल्वारिस यांचा जन्म २९ एप्रिल १८३६ रोजी सासष्टीतल्या वेर्णा गावचा. घर कॅथलिक, शिक्षण धर्मगुरूचे. गुरुदीक्षा मिळाल्यावर गोव्याच्या आर्चबिशपांनी त्यांना ब्रिटिश हिंदुस्थानातील कॅथलिकांमध्ये कामाला लावले. पुढे पणजीत त्यांनी गरिबांसाठी मदतसंस्था काढली, वृत्तपत्रे काढली. लेखणी तिखट होती. सरकार असो की चर्चचे वरिष्ठ, चूक दिसली की छापायची, हा स्वभाव. ‘आ क्रूझ’, ‘व्हेर्दादी’, नंतर ‘ओ ब्रादो इंदियानो’ अशी त्यांची पत्रे एकामागून एक निघाली आणि अडचणीतही आली. बंडखोर म्हणून त्यांची ओळख झाली ती नंतर. आधी ते सरळसरळ चर्चचे आणि तेही जुन्या व्यवस्थेचे कट्टर पाईक होते.

ती जुनी व्यवस्था म्हणजे पाद्रोआदो. पंधराव्या-सोळाव्या शतकात पोपनी पोर्तुगालच्या राजाला पूर्वेकडील धर्मप्रसाराचे आश्रयदातेपण दिले. चर्च बांधायची, धर्मगुरूंना पोसायचे, त्या बदल्यात बिशपपदासाठी नावे सुचवायचा हक्क राजाचा. तेव्हा पोर्तुगालकडे आरमार होते आणि पोपकडे नव्हते, त्यामुळे सौदा दोघांनाही परवडला. पुढे पोर्तुगालची सत्ता आटत गेली. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि उत्तर फिरंगाण बहुतांश गेले. मुलूख गेला तरी त्या मुलखातील चर्चवरचा हक्क पोर्तुगालने सोडला नाही. दुसरीकडे रोमने १६२२ मध्ये प्रोपागांडा फिदे हे स्वतःचे धर्मप्रसार खाते उघडले होते. त्या खात्याने नेमलेले इटालियन, फ्रेंच आणि इतर मिशनरी थेट रोमला बांधील असत.

परिणामी एकाच गावात दोन चर्च, दोन धर्मगुरू आणि दोन बिशप अशी स्थिती झाली. मुंबईकरांना याची खूण अजूनही दिसते. दादरचे साल्व्हासांव चर्च आजही पोर्तुगीज चर्च म्हणून ओळखले जाते. मुंबईत १७९४ पासून काही चर्च गोव्याच्या अमलाखाली आणि काही रोमने नेमलेल्या व्हिकर अपोस्टोलिकच्या अमलाखाली होती. ही दुहेरी सत्ता १९२८ पर्यंत चालली. १८३८ मध्ये पोप ग्रेगरी सोळावे यांनी पाद्रोआदोचे हिंदुस्थानातील अधिकार मोठ्या प्रमाणात काढून घेतले, तेव्हा गोव्याच्या धर्मगुरूंनी तो आदेश मानला नाही. रोमच्या बाजूच्या इतिहासात या प्रकरणाला गोव्याचे फुटीरपण म्हणतात. गोव्याच्या बाजूने पाहिले तर ते केलेल्या कराराचे पालन होते.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे, कारण ती धर्मशास्त्राच्या पुस्तकात सापडत नाही. पाद्रोआदोचे चर्च चालवणारे बहुतेक धर्मगुरू गोमंतकीय होते, प्रोपागांडाचे बहुतेक गोरे. पाद्रोआदो जाणे म्हणजे राजाचा मान जाणे हे लिस्बनचे दुःख. गोव्याच्या पाद्रींच्या दृष्टीने तो आपल्या हातातले गाव आणि मंडळी परक्याच्या हाती जाण्याचा प्रश्न होता. अर्थात पोर्तुगीजांनाही गोमंतकीय बिशप नकोच होता. दिवाडी बेटावरच्या मातेउश द कास्त्रो यांना १६३७ मध्ये रोमने बिशप केले, तेव्हा गोव्यातील पोर्तुगीज चर्चने त्यांचे अधिकारपत्र मानले नाही आणि त्यांना आदिलशाही मुलखातील डिचोलीत बस्तान बसवावे लागले. त्यांची दीक्षा खुद्द रोममध्ये झालेली, तरीही गोव्यात ते उपरेच ठरले.

१८८६ चा करार आणि फाटाफूट

२३ जून १८८६ रोजी पोप लिओ तेरावे आणि पोर्तुगाल यांच्यात नवा करार झाला. गोव्याच्या आर्चबिशपला पूर्वेकडील देशांचा पात्रिआर्क ही मानाची पदवी मिळाली. दमण, कोचीन आणि मैलापूर येथील धर्मप्रांत पोर्तुगालच्या आश्रयाखाली राहिले. बाकी हिंदुस्थान आणि सिलोन मात्र रोमच्या थेट व्यवस्थेत गेले. लिस्बनने सही केली होती, त्यामुळे तक्रार करायला जागाच उरली नव्हती.

मुंबईतील गोमंतकीयांनी पाद्रोआदोच्या रक्षणासाठी संस्था काढली. तिचे पुढारी दोन : डॉ. पेद्रू मानुएल लिस्बोआ पिंटो आणि फादर आल्वारिस. त्यांनी रोमला, पोर्तुगालला आणि ब्रिटिश सरकारलाही अर्ज केले. कोलंबोच्या हल्ट्सडॉर्फ भागातील बोआ मोर्ते चर्चची मंडळी आणि उडुपीजवळच्या ब्रह्मावर-कल्याणपूर भागातील कोकणी कॅथलिक यांचेही असेच गाऱ्हाणे होते. आपल्याला न विचारता आपले धर्मगुरू बदलले गेले, ही ती तक्रार. अर्जांचा उपयोग झाला नाही. ज्या राजाच्या हक्कासाठी भांडायचे, त्यानेच तो हक्क सोडून दिलेला.

इथे आल्वारिस यांच्यापुढे दोन रस्ते होते. गप्प बसणे, किंवा रोमबाहेर पडणे. त्यांनी दुसरा घेतला. रोमबाहेर पडायचे तर लगेच व्यावहारिक अडचण येते. कॅथलिक मंडळीला धर्मगुरू लागतो, धर्मगुरूला दीक्षा द्यायला बिशप लागतो आणि बिशप करायला दुसरा बिशप लागतो. प्रेषितांपासून हात डोक्यावर ठेवून चालत आलेली परंपरा, असा हा समज आहे. साखळी तुटली की मंडळीचे चर्चपण जाते. म्हणून फुटून निघालेला प्रत्येक कॅथलिक गट आधी बिशप शोधतो.

कोट्टयमलाच का?

आल्वारिस यांना तो केरळात सापडला. मलंकरा सिरियन चर्च हे अँटिओकच्या सिरियन ऑर्थोडॉक्स पात्रिआर्कशी जोडलेले, रोमला न मानणारे, पण बिशपांची जुनी परंपरा असलेले चर्च. पात्रिआर्क पीटर यांच्या संमतीने जुलै १८८९ मध्ये कोट्टयमच्या ओल्ड सेमिनरीत पौलोस मार अथानासियस यांनी आल्वारिस यांना बिशपदीक्षा दिली. परुमलाचे मार ग्रेगोरियस, ज्यांना पुढे त्या चर्चने संत मानले, तेही या विधीत होते. आल्वारिस मार ज्युलियस झाले. सिलोन, गोवा आणि हिंदुस्थानचे मेट्रोपॉलिटन असे त्यांचे पद. लॅटिन पद्धतीची उपासना ठेवण्याची मुभा त्यांच्या मंडळीला मिळाली. पोप सोडला, मिस्सा तीच राहिली.

यातला विरोधाभास मोठा आहे. मलंकरा चर्च वेगळे झाले तेच मुळी पाद्रोआदोच्या जाचामुळे. १६५३ मध्ये मट्टनचेरीला केरळच्या ख्रिस्ती लोकांनी पोर्तुगीज आर्चबिशपची सत्ता झुगारण्याची शपथ घेतली. त्यांच्याकडेही तेव्हा बिशप नव्हता. बारा धर्मगुरूंनी हात ठेवून आर्चडिकन थॉमस यांना बिशप केले आणि ती दीक्षा खरी की खोटी यावर वाद पेटला. १६६५ मध्ये मार ग्रेगोरियस नावाचे सिरियन बिशप आले, तेव्हा कुठे ती साखळी सांधली गेली. म्हणजे पाद्रोआदोसाठी भांडणाऱ्या माणसाला बिशप केले ते पाद्रोआदोविरुद्धच्या बंडातून उभ्या राहिलेल्या चर्चने.

मग दीक्षा खरी की खोटी?

गोव्याचे आर्चबिशप व्हालेंत यांनी आल्वारिस यांना बहिष्कृत केले. सामान्य माणसाला वाटेल, विषय संपला. धर्मशास्त्रात तो इथे सुरू होतो.

कॅथलिक विचारात दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या जातात. दीक्षा वैध आहे का, म्हणजे ती मुळात घडली का, हा एक प्रश्न. ती अधिकृत आहे का, म्हणजे ती देण्याची परवानगी होती का, हा दुसरा. पदवी खरी पण नोंदणी रद्द झालेला डॉक्टर डोळ्यांपुढे आणावा. त्याला शस्त्रक्रिया येते, पण करायची मुभा नाही. हा भेद चौथ्या-पाचव्या शतकात उत्तर आफ्रिकेतील डोनॅटिस्ट वादातून पक्का झाला. पापी किंवा फुटीर धर्मगुरूने दिलेला संस्कारही खरा असतो, कारण संस्कार त्याच्या मालकीचा नसतो, असे संत ऑगस्टिन यांनी मांडले आणि रोमने ते स्वीकारले.

या कसोटीवर वैधतेसाठी चार गोष्टी लागतात. दीक्षा देणारा स्वतः खरा बिशप असावा. घेणारा दीक्षेला पात्र असावा. हात ठेवणे आणि ठरलेली प्रार्थना, हा विधी नीट व्हावा. आणि चर्च जे करते तेच करण्याचा हेतू असावा. सिरियन ऑर्थोडॉक्स बिशपांना रोम खरे बिशप मानते. म्हणजे ज्या चर्चने आल्वारिस यांना बहिष्कृत केले, त्याच चर्चच्या नियमाने पाहिले तर कोट्टयमची दीक्षा अनधिकृत असली तरी पोकळ म्हणता येत नाही. हेतू आणि विधी या अटी किती कडक असू शकतात, हे त्याच दशकात दिसले. १८९६ मध्ये लिओ तेरावे यांनी अँग्लिकन चर्चच्या सगळ्या दीक्षा पूर्णपणे निरर्थक ठरवल्या. कँटरबरीच्या आर्चबिशपला जे नाकारले गेले, ते वेर्ण्याच्या बंडखोराच्या पदरात तत्त्वतः होते.

पण वैध असणे पुरेसे नाही. सगळ्या संस्कारांचे नियम सारखे नसतात, हे अशा चर्चेत नेहमी निसटते. मिस्सेसाठी खरा धर्मगुरू पुरतो, मग तो बहिष्कृत का असेना. पापनिवेदन ऐकून क्षमा देण्यासाठी मात्र दीक्षेबरोबर अधिकारही लागतो, कारण तो एक प्रकारचा न्यायनिवाडा मानला जातो. लग्नाचेही तसेच. ट्रेंटच्या धर्मसभेचा हुकूम जिथे जारी झाला, तिथे हक्काच्या धर्मगुरूशिवाय लागलेले लग्न लग्नच नव्हे. म्हणजे एखाद्या स्वतंत्र गटाच्या चर्चमध्ये जाणाऱ्या कॅथलिक माणसाची मिस्सा खरी, पण पापनिवेदन आणि लग्न फोल, असे होऊ शकते. त्यालाही अपवाद आहे. मरणासन्न माणसाला कोणताही खरा धर्मगुरू, बहिष्कृत असला तरी, क्षमा देऊ शकतो. हे ट्रेंटनेच सांगितले आहे. कॉलऱ्याच्या साथीत एखाद्याने शेवटच्या घटकेला मार ज्युलियस यांच्यापाशी पाप कबूल केले असते, तर ती क्षमा रोमलाही मानावी लागली असती.

पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स परंपरा हा हिशेब असा मांडत नाही. तिसऱ्या शतकातील संत सिप्रियन यांच्या वळणाने ती विचारते : हा बिशप कोणत्या चर्चचा? बिशप म्हणजे मंडळीचा बिशप. मंडळीपासून आणि इतर बिशपांपासून तुटलेला बिशप ही कल्पनाच तिला मान्य नाही. या नजरेने आल्वारिस यांची बाजू आणखी भक्कम होते. त्यांच्यामागे पात्रिआर्क होता, सहकारी बिशप होते आणि कोलंबो-ब्रह्मावरची मंडळी होती.

कोलंबोहून निघालेली साखळी

आल्वारिस यांच्या हातून एक काम मात्र असे झाले की ज्याचा हिशेब आजही लागलेला नाही.

जोसेफ रने व्हिलात हे जन्माने पॅरिसचे, स्थायिक झालेले अमेरिकेत. विस्कॉन्सिनमधील बेल्जियन वस्त्यांत ते काम करत. १८८५ मध्ये स्वित्झर्लंडच्या ओल्ड कॅथलिक बिशपांकडून त्यांना गुरुदीक्षा मिळाली होती. त्यांना बिशप व्हायचे होते. युरोपातील ओल्ड कॅथलिक तयार नव्हते, अमेरिकेतील एपिस्कोपल चर्चशी बिनसले. मग त्यांना सिलोनच्या स्वतंत्र कॅथलिकांची बातमी लागली. अँटिओकच्या पात्रिआर्कची परवानगी आली आणि २९ मे १८९२ रोजी कोलंबोच्या बोआ मोर्ते चर्चमध्ये आल्वारिस यांनी, केरळच्या दोन बिशपांच्या साथीने, व्हिलात यांना दीक्षा दिली. नाव मिळाले मार तिमोथेउस.

एपिस्कोपल चर्चने ही दीक्षा मानली नाही. रोमने १९०० मध्ये व्हिलात यांना बहिष्कृत केले. पण साखळी थांबली नाही. व्हिलात यांनी बफलोमधील पोलिश फुटीर नेते कामिन्स्की यांना बिशप केले, इटलीतील मिराग्लिया यांना केले, इतरांना केले. त्यांनी पुढे आणखी काहींना. अमेरिका आणि युरोपात चर्च नाही पण बिशप आहेत, अशी विचित्र जमात तयार झाली. त्यांना भटके बिशप म्हणतात. कुणाची मंडळी म्हणजे घरातली चार माणसे. काहींनी खबरदारी म्हणून वेगवेगळ्या साखळ्यांमधून दोन-दोन, तीन-तीन वेळा दीक्षा घेतल्या. दीक्षेवर स्वतःचाच विश्वास नसल्याची याहून मोठी कबुली नाही.

त्याच साखळीत एक वेगळेही पान आहे. २८ सप्टेंबर १९२१ रोजी व्हिलात यांनी शिकागोत जॉर्ज अलेक्झांडर मॅग्वायर यांना दीक्षा दिली. मॅग्वायर कृष्णवर्णीय धर्मगुरू, मार्कस गार्व्ही यांच्या चळवळीतले. गोऱ्या बिशपांच्या चर्चमध्ये आपल्याला दुय्यम जागा आहे, हे अनुभवून त्यांनी आफ्रिकन ऑर्थोडॉक्स चर्च काढले. ते दक्षिण आफ्रिकेत आणि तेथून युगांडात पोहोचले. युगांडातील रूबेन स्पार्तास यांची मंडळी पुढे अलेक्झांड्रियाच्या ग्रीक ऑर्थोडॉक्स पात्रिआर्कमध्ये सामील झाली. गोव्यातील गोऱ्या-काळ्यांच्या भांडणातून निघालेली दीक्षा तीस वर्षांनी अमेरिकेतल्या तशाच भांडणात कामी आली. भटक्या बिशपांची सरसकट टवाळी करणाऱ्यांनी हे पान वाचलेले नसते.

खुद्द व्हिलात १९२५ मध्ये रोमकडे परतले आणि व्हर्सायजवळच्या मठात १९२९ मध्ये वारले. बिशप म्हणून त्यांना तिथे कुणी वागवले नाही. १९३८ मध्ये अँटिओकच्या पात्रिआर्कनेही जाहीर केले की व्हिलात यांच्यापासून वंश सांगणाऱ्या मंडळ्यांशी आपला संबंध नाही. ज्या चर्चच्या परवानगीवर सगळी वंशावळ उभी, त्यानेच हात काढून घेतला. पूर्वेच्या तर्कानुसार त्यानंतर त्या वंशावळीत फक्त नावांची यादी उरते. पश्चिमेच्या तर्कानुसार मात्र प्रत्येक नाव स्वतंत्रपणे तपासावे लागते : विधी कोणता, साक्षीदार कोण, हेतू काय. बऱ्याचदा कागदच नसतात.

आजचे पारंपरिक गट

दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेनंतर मिस्सेची पद्धत बदलली आणि जुन्याला धरून बसलेल्यांचे गट निघाले. त्यांना एकाच मापाने मोजता येत नाही. फ्रेंच आर्चबिशप मार्सेल लफेव्र यांनी ३० जून १९८८ रोजी पोपची मनाई असताना चार बिशप केले. त्या दीक्षा वैध आहेत याबद्दल रोमने कधी शंका घेतली नाही. बहिष्कार झाला तो परवानगी नसल्याबद्दल. २००९ मध्ये पोप बेनेडिक्ट यांनी हयात बिशपांवरील तो बहिष्कार उठवला. पुढे पोप फ्रान्सिस यांनी या संघाच्या धर्मगुरूंना पापनिवेदन ऐकण्याची मुभा दिली आणि २०१७ मध्ये लग्नांसाठीही वाट काढली. कसोटी तीच, आल्वारिस यांच्या काळची. अधिकार नसलेल्या जागी अधिकार बहाल केला, दीक्षा पुन्हा दिली नाही.

दुसऱ्या टोकाला स्पेनमधील पाल्मार द त्रोया. १९७६ च्या जानेवारीत व्हिएतनामचे परागंदा आर्चबिशप न्गो दिन्ह थुक यांनी तेथे काही जणांना घाईने धर्मगुरू आणि दहा दिवसांत बिशप केले. रोमने सप्टेंबरमध्ये कळवले की त्या दीक्षा खऱ्या की खोट्या या खोलात न जाता चर्च त्यांना मानत नाही आणि मानणारही नाही. त्या गटाने पुढे स्वतःचा पोपच निवडला. या दोन टोकांच्या मध्ये शेकडो लहान मंडळ्या आहेत. कुणी व्हिलात यांची वंशावळ सांगतो, कुणी थुक यांची, कुणी दोन्हींची. भाविकाने पाहावे ते एवढेच : दीक्षा कुणी दिली हे कागदावर दाखवता येते का, धर्मगुरू शिकलेला आहे का, त्याच्या वर जाब विचारणारे कुणी आहे का, आणि पैसा कुणाच्या नावावर जमा होतो. शेवटचा प्रश्न धर्मशास्त्राचा नाही, पण पुष्कळदा तोच आधी विचारायला हवा.

मांडवीकाठी परत

आल्वारिस यांच्यावरील तिसरी मोहर सरकारची होती. पोर्तुगीज गोव्यात कॅथलिक धर्म हा राज्याचा धर्म. त्यात दुसऱ्या चर्चचा बिशप अंगठी-क्रूस घालून पणजीत फिरतो, हे खपणारे नव्हते. १८९५ हे राण्यांच्या आणि मराठा शिपायांच्या बंडाचे वर्ष. सरकारवर कोरडे ओढणाऱ्या संपादकाकडे संशयाने पाहिले जाणे ठरलेले होते. आल्वारिस यांना अटक झाली. पोलिसांनी त्यांची बिशपची वस्त्रे उतरवली, क्रूस आणि अंगठी काढून घेतली आणि त्यांना रस्त्यावरून कोठडीत नेले. राजद्रोहाचा आरोप न्यायालयात टिकला नाही. सुटका झाली, वस्त्रे घालण्याची मुभा मिळाली नाही. नंतर ते साध्या काळ्या झग्यात दिसत.

त्यांच्या आयुष्यातील हा उत्तरार्ध वादांच्या पुस्तकांत अर्ध्या ओळीत उरकला जातो. बिशपाची मंडळी कोलंबोत आणि ब्रह्मावरात, आणि बिशप स्वतः पणजीत जवळजवळ मंडळीशिवाय. लिस्बोआ पिंटोही तिकडेच रमले होते. १८९३ मध्ये सिलोनमधील पहिली कामगार संघटना, छापखाना कामगारांची, निघाली, तेव्हा डॉक्टर तिचे अध्यक्ष झाले. आल्वारिस यांनी गोव्यात कॉलऱ्याच्या उपचारांवर पोर्तुगीजमध्ये पुस्तिका लिहिली. कुष्ठरोगी, क्षयरोगी आणि निराधारांसाठी लोकांकडे मागून पैसे जमवले. शाळा चालवली. अन्नटंचाईत टॅपिओकाचे कंद लावावेत म्हणून पत्रक काढले. पणजीतील जे लोक त्यांच्या मिस्सेला कधी गेले नसते, ते त्यांच्या थाळीत पैसे टाकत.

२३ सप्टेंबर १९२३ रोजी रायबंदरच्या इस्पितळात आमांशाने त्यांचे निधन झाले. अखेरच्या आजारात त्यांना रोमकडे परत आणण्याचे प्रयत्न झाले. ते बधले नाहीत. सांतिनेझच्या दफनभूमीत कोणत्याही धर्मगुरूशिवाय, धर्मविधीशिवाय त्यांना पुरण्यात आले. अंत्ययात्रेला शहरातील प्रतिष्ठित माणसे होती, गरीब होते. चार वर्षांनी मित्रांनी अस्थी काढून त्याच दफनभूमीत नीट थडगे बांधले, वर क्रूस ठेवला. मग सगळे विसरले.

मंडळी मात्र टिकली, आणि टिकवली ती फादर रॉक झेफरिन नोरोन्हा यांनी. आल्वारिस यांच्याबरोबर रोम सोडलेले हे धर्मगुरू १९३६ मध्ये मरेपर्यंत ब्रह्मावरातच राहिले. कोलंबोची मंडळी विरत गेली, ब्रह्मावरची राहिली, कारण तिथे रोज चर्च उघडणारा माणूस होता. त्या लोकांनी लग्ने आपल्या चर्चमध्ये लावली, मुलांचे बाप्तिस्मे केले, शेजारच्या कॅथलिक नातलगांनी त्या लग्नांना लग्न मानले नाही तरी. पिढ्यानपिढ्या कोकणीत लॅटिन वळणाची उपासना करणारे हे लोक केरळच्या सिरियन परंपरेत आजही उठून दिसतात.

त्यांच्या मूळ चर्चमध्येही पुढे तोच प्रश्न उभा राहिला. १९१२ मध्ये पात्रिआर्क अब्दुल मसीह यांनी केरळात कॅथोलिकोस हे पद स्थापन केले. तुर्की सुलतानाने त्यांची सनद आधीच काढून घेतली होती, म्हणून त्यांना तसा अधिकार होता का, यावर चर्च दुभंगले. खटले शंभर वर्षे चालले. ३ जुलै २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मलंकरा ऑर्थोडॉक्स बाजूने निकाल दिला. चर्चचा कारभार कोणत्या घटनेनुसार चालावा, हे न्यायालयाने सांगितले. प्रेषितांचा हात कुणाच्या डोक्यावर, हे न्यायालय सांगू शकत नव्हते.

सांतिनेझमधील थडगे मलंकरा चर्चच्या लोकांनी १९६७ मध्ये शोधून काढले. १९७९ मध्ये अस्थी रायबंदरला नेल्या गेल्या आणि २००१ मध्ये तेथील नव्या चर्चमध्ये ठेवल्या गेल्या. २०१० मध्ये ब्रह्मावर हा मलंकरा ऑर्थोडॉक्स चर्चचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. आल्वारिस यांना रोमने घातलेला बहिष्कार मात्र कागदोपत्री तसाच आहे.